डिझर्टेशन एकदाचं जमा केलं! मध्येच अडकलेल्यांसाठी माझा अनुभव (तुमचेही लिहा)

कागदवेडी:

नमस्कार मंडळी,

गेल्या आठवड्यात समाजशास्त्राच्या एम.ए.चं डिझर्टेशन जमा केलं. बांधून आलेली प्रत हातात घेतली तेव्हा आधी पानं मोजली, एकशे बारा. त्यातली जवळजवळ सगळी शेवटच्या साडेतीन महिन्यांत लिहिलेली आहेत. त्याआधी अकरा महिने माझ्याकडे होतं काय, तर वाचलेल्या लेखांचा ढीग, अठरा मुलाखतींची रेकॉर्डिंग्ज आणि एक भलंमोठं शीर्षक. त्या अकरा महिन्यांत मी रोज काही ना काही करत होते, तरी काम तसूभर पुढे सरकत नव्हतं. तेव्हा कुणीतरी हे सांगायला हवं होतं असं फार वाटतं, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

शीर्षक होतं ‘असंघटित क्षेत्रातील घरकामगार स्त्रियांच्या सामाजिक व आर्थिक स्थितीचा अभ्यास’. सिनॉप्सिस मंजूर झाला, कुणी हरकत घेतली नाही. हरकत घेण्यासारखं काही नव्हतंच, कारण त्या शीर्षकात सगळंच बसत होतं: मजुरी, आजारपण, मुलांचं शिक्षण, स्थलांतर, कर्ज, घरातली मारहाण. आणि सगळंच बसतं म्हटल्यावर काहीही सोडता येत नाही. कर्जावर चार लेख वाचले की वाटायचं, आता स्थलांतरावर वाचायला हवं. मुलाखतीतही मी सगळंच विचारत होते, त्यामुळे प्रत्येकीकडून सगळ्यातलं थोडं थोडं मिळालं.

गाडी रुळावर आली ती नववी मुलाखत दुसऱ्यांदा ऐकताना. मी विचारलं होतं, “सुट्टी हवी असली की कशी मागता?” रेकॉर्डिंगमध्ये मग थोडा वेळ भांडी लावल्याचा आवाज येतो आणि त्या म्हणतात, “मागत नाही. सांगते.”

पहिल्यांदा उतरवताना मी त्यापुढे ‘रजा’ असा शेरा मारून पुढे गेले होते. दुसऱ्यांदा ऐकताना थांबले. मग अठराच्या अठरा मुलाखतींत एवढंच शोधलं, की कोण ‘मागते’ म्हणाली आणि कोण ‘सांगते’. अकरा जणी मागत होत्या, सात जणी सांगत होत्या. सातांपैकी सहा जणी पाच किंवा जास्त घरी काम करणाऱ्या निघाल्या. एक काम सुटलं तरी बाकीची आहेत, म्हणून त्या सांगू शकतात, असं सोपं उत्तर मिळाल्यासारखं वाटलं. पण सातवी बाई चौदा वर्षं एकाच घरी होती आणि तीही ‘सांगते’ म्हणत होती. तिच्यामुळे माझं सोपं उत्तर मोडलं. ती का सांगू शकते, हे उलगडायला जो महिना गेला, तोच माझ्या डिझर्टेशनचा सगळ्यात चांगला भाग आहे.

त्या रात्री एका कागदावर प्रश्न लिहिला: ‘घरकामगार स्त्रिया सुट्टी कधी मागतात आणि कधी सांगतात, आणि ते कशावरून ठरतं?’ कागद टेबलासमोर चिकटवला. जो लेख, जो उतारा, जी आकडेवारी या प्रश्नाला उपयोगी नाही, ती ‘नंतर’ नावाच्या फोल्डरमध्ये टाकायची असं ठरवलं. कर्ज गेलं, स्थलांतर बरंचसं गेलं. वाईट वाटलं, कारण त्या बायकांनी ते सगळं मनापासून सांगितलं होतं. पण एका लघुप्रबंधात त्यांच्या एका गोष्टीला पूर्ण न्याय देणं जमतं, दहा गोष्टींना जमत नाही.

लिहिण्याचा क्रमही उलटा केला. आधी निष्कर्षांची दोन प्रकरणं, कारण डेटा समोर होता. मग संशोधन पद्धती, कारण तिथे आपण काय केलं तेवढंच प्रामाणिकपणे सांगायचं असतं. मग संदर्भसाहित्याचा आढावा आणि अगदी शेवटी प्रस्तावना. आढाव्याबद्दल एक सांगते. माझा पहिला मसुदा म्हणजे ‘अमुक यांनी असे म्हटले, तमुक यांनी तसे म्हटले’ अशी वीस पानांची रांग होती. गाईडनी समासात एकच ओळ लिहिली, “ही माणसं एकमेकांशी बोलत का नाहीत?” मग सगळे लेख लेखकांऐवजी वादांप्रमाणे लावले. मालकीण आणि कामवाली यांच्यातल्या आपुलकीला काही अभ्यासक पिळवणुकीचंच साधन मानतात, तर काहींना त्यात कामगार बाईची वाटाघाटीची ताकद दिसते. या दोन बाजू समोरासमोर ठेवल्या आणि माझी चौदा वर्षंवाली बाई मध्ये उभी केली. वीस पानांची अकरा झाली.

कुणी अडकलं असेल तर नि:संकोच लिहा.

उंबरठा:

वाचनखूण साठवली. ‘मागत नाही, सांगते’ वाचून अंगावर काटा आला.

एक शंका. अठरा मुलाखती पुरतात का? मला किमान तीस करायला सांगितलं आहे. बावीस झाल्यात आणि आता तेच तेच ऐकू येतंय.

जुनी_वही:

उंबरठा, मी बरीच वर्षं संशोधन पद्धती शिकवते आहे. हा प्रश्न दर वर्षी येतो, म्हणून जरा लांबण लावते.

‘तेच तेच ऐकू येतंय’ याला नाव आहे, सॅच्युरेशन. ही कल्पना ग्लेझर आणि स्ट्रॉस यांनी १९६७ साली मांडली. पुढे २००६ मध्ये गेस्ट, बन्स आणि जॉन्सन यांनी आपल्याच साठ मुलाखती क्रमाने तपासून नवे कोड, म्हणजे मुलाखतीतल्या मुद्द्यांना दिलेली छोटी नावं, कधी थांबतात ते पाहिलं. बहुतेक कोड पहिल्या बारा मुलाखतींतच आले होते आणि मुख्य सूत्रांचा गाभा तर सहाव्या मुलाखतीपर्यंतच दिसू लागला होता. मात्र हा बाराचा आकडा उचलून कुणाच्या तोंडावर फेकू नका. त्यांच्या मुलाखती बऱ्याच अंशी एकसारख्या गटातल्या बायकांच्या होत्या आणि प्रश्नही ठरलेले होते. तुमच्या नमुन्यात शिक्षक, पालक आणि विद्यार्थी असे तीन गट असतील, तर प्रत्येक गटाचा वेगळा विचार करावा लागेल.

गाईडकडे जाताना ‘मला पुरे वाटतंय’ एवढंच म्हणू नका. एक तक्ता करून न्या. डावीकडे मुलाखतीचा क्रमांक, उजवीकडे त्या मुलाखतीत पहिल्यांदाच आलेले कोड. सतराव्यापासून बाविसाव्यापर्यंतची उजवी बाजू रिकामी असेल तर तो तक्ताच तुमच्या बाजूने बोलेल. आणि रिकामी नसेल, तर गाईड बरोबर आहेत.

शिवाय ‘तेच तेच’ ऐकू येण्याचं दुसरं कारणही तपासून पाहा. ओळखीतून ओळख अशा स्नोबॉल पद्धतीने माणसं मिळवली असतील, तर तुम्ही एकाच मैत्रीच्या वर्तुळात फिरत असाल. अशा वेळी संख्या वाढवण्यापेक्षा वेगळ्या दाराने आत शिरून दोन-तीनच मुलाखती घ्या.

उंबरठा:

बाविसातल्या सोळा जणी एकाच बाईंच्या ओळखीतून मिळाल्या आहेत! हे लक्षातच आलं नव्हतं. मन:पूर्वक आभार.

पायरी_पायरीने:

माझं काम आकडेवारीचं आहे, प्रश्नावली घेऊन. त्यात काय चुकलं ते सांगतो, म्हणजे दुसऱ्या कुणाचं तरी चुकायचं नाही.

नमुना किती घ्यावा यासाठी मी क्रेजसी आणि मॉर्गन यांचा १९७०चा तक्ता वापरला. त्यात एक हजार लोकसंख्येला २७८, दहा हजारांना ३७० असं करत करत शेवटी आकडा ३८४ वर थांबतो. मी जिवाचं रान करून ३८४ प्रश्नावल्या भरून घेतल्या. कुठे, तर जिथे माणसं सहज भेटतील तिथे. व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, बाहेरच्या परीक्षकांनी शांतपणे विचारलं, “हा तक्ता यादृच्छिक निवडीसाठी आहे. तुमची निवड यादृच्छिक होती का?” नव्हती. ३८४ हा आकडा ९५ टक्के विश्वासपातळी आणि पाच टक्के चूक धरून येतो खरा, पण प्रत्येकाला निवडलं जाण्याची समान संधी असेल तरच. सोयीने गोळा केलेल्या ३८४ जणांवरून सगळ्यांबद्दल बोलता येत नाही, दोन हजार गोळा केले तरी येत नाही. मला त्याची मर्यादा स्पष्ट लिहून दीडशे प्रश्नावल्यांतही काम भागवता आलं असतं.

आणि प्रश्न! माझं एक विधान होतं, ‘मी माझ्या कामावर आणि पगारावर समाधानी आहे’. पुढे लिकर्टची पाच घरं, ‘पूर्ण सहमत’पासून ‘पूर्ण असहमत’पर्यंत. एक ताई पेन हातात धरून बराच वेळ बसल्या आणि म्हणाल्या, “कामावर आहे, पगारावर नाही. खूण कुठे करू?” तोपर्यंत दोनशेच्या वर प्रश्नावल्या भरून झाल्या होत्या. ते विधान विश्लेषणातून काढावं लागलं. दहा जणांवर पायलट, म्हणजे आधी छोटी चाचणी, केली असती, समोर बसून मोठ्याने वाचायला लावलं असतं, तर पहिल्याच दिवशी कळलं असतं.

कागदवेडी:

पायरी_पायरीने, हे फार मोलाचं लिहिलंत. चुका इतक्या उघडपणे कुणी सांगत नाही.

तर्कसंगत:

लेखन आवडलं, पण प्रस्तावना शेवटी लिहिण्याशी मी सहमत नाही. माझा विषय राज्यशास्त्रातला, कागदपत्रांवर आधारलेला. संकल्पना आधी पक्क्या केल्याशिवाय कुठली कागदपत्रं वाचायची हेच मला कळलं नसतं. ‘प्रतिनिधित्व’ म्हणजे मी काय धरतो, हे ठरवायलाच तीन महिने गेले आणि ते वाया गेले असं मला अजिबात वाटत नाही. डेटा आपोआप बोलत नसतो. कागदवेडी ताईंना ‘मागते’ आणि ‘सांगते’ यातला फरक ऐकू आला, कारण सत्तासंबंधांबद्दलचं त्यांचं वाचन आधी झालं होतं.

कागदवेडी:

तर्कसंगत, शेवटच्या वाक्यावर बराच विचार केला. तुमचं खरं आहे. ते अकरा महिने पूर्ण फुकट गेले असं मी सुचवलं, ते तितकंसं बरोबर नाही. वाचन झालं नसतं तर दुसऱ्यांदा ऐकतानाही मी ‘रजा’ लिहूनच पुढे गेले असते.

तरी एक भेद करावासा वाटतो. संकल्पना आधी पक्क्या करणं वेगळं आणि प्रस्तावनेचं प्रकरण आधी घोटून घोटून सुबक करणं वेगळं. मी दुसरं करत होते. पहिल्या तीन पानांचे नऊ मसुदे आहेत माझ्याकडे, आणि त्यातलं एकही वाक्य अंतिम प्रतीत नाही. पुन्हा करायचं झालं तर प्रश्न आणि संकल्पनांची दोन पानं आधी कच्ची लिहीन, ती गाईडना दाखवीन आणि बाजूला ठेवीन.

जुनी_वही:

दोघांनाही अनुमोदन. ब्रॉन आणि क्लार्क यांचा थीमॅटिक अनालिसिसवरचा (मुलाखतींतली समान सूत्रं, म्हणजे थीम, मांडण्याच्या पद्धतीवरचा) २००६चा लेख पुष्कळ विद्यार्थी संदर्भात देतात, पण त्यातला एक मुद्दा निसटतो. थीम डेटातून ‘वर येतात’ ही भाषाच त्यांना मान्य नाही. थीम संशोधक घडवतो, आपल्या निवडींनी. त्यामुळे ‘अभ्यासातून पुढील पाच थीम समोर आल्या’ असं लिहिण्याऐवजी ‘मी या पाच थीम का धरल्या’ हे लिहा. परीक्षक म्हणून सांगते, ते पान वाचलं की विद्यार्थी किती खोलात गेला आहे ते कळतं.

निळी_शाई:

एक वेगळी गोष्ट, पण मला फार जिव्हाळ्याची. नावं बदलली म्हणजे ओळख लपली असं समजू नका.

मी एका कार्यालयातल्या सफाई कामगारांवर काम केलं. सगळ्यांना टोपणनावं दिली होती. मसुदा मैत्रिणीला वाचायला दिला. तिचा त्या जागेशी काही संबंध नव्हता, केवळ दोनदा माझ्याबरोबर आली होती. तिने एका उताऱ्यावर बोट ठेवलं आणि म्हणाली, “ही त्या जिन्याजवळ बसणाऱ्या बाई ना? ज्यांची मुलगी नर्स आहे?” मी गार पडले. दोन भेटींत तिने ओळखलं, तर मुकादम पहिल्याच वाचनात ओळखेल. आणि त्या बाईंनी मुकादमाबद्दलच सांगितलं होतं. मुलीचा व्यवसाय काढला, जिना काढला, कामाची वर्षं ‘दहाहून अधिक’ अशी केली, आणि त्यांचा एक उतारा दुसऱ्या टोपणनावाखाली घेऊन तसं केल्याचं पद्धतीच्या प्रकरणात लिहिलं. संमतिपत्रावर त्यांची सही होती, पण सही घेताना त्यांना काय किंवा मला काय, हे छापून कसं दिसेल याची कल्पना नव्हती.

उंबरठा:

याच संदर्भात विचारते. उतरवून काढायला हल्ली सॉफ्टवेअर मिळतात, ती वापरावीत का? एका तासाच्या रेकॉर्डिंगला मला पाच तास लागतात.

निळी_शाई:

पाच तास म्हणजे तुम्ही हळू नाही आहात, साधारण तेवढेच लागतात. सॉफ्टवेअर वापरण्याआधी ते रेकॉर्डिंग कुणाच्या सर्व्हरवर जातं ते पाहा. संमतिपत्रात ‘रेकॉर्डिंग फक्त माझ्याकडे राहील’ असं लिहिलं असेल तर ते बाहेर पाठवणं म्हणजे शब्द मोडणं. स्वतःच्याच संगणकावर चालणारं असेल तर कच्च्या मसुद्यासाठी चालेल, पण नंतर प्रत्येक ओळ ऐकून तपासायचीच. बोलीतले शब्द ते हमखास प्रमाण भाषेत ओढतं, आणि थांबणं, हसणं, आवाज खाली जाणं यातलं काहीच टिपत नाही.

कागदवेडी:

आणि ‘मागत नाही’च्या आधीचा तो भांड्यांचा आवाजही कुठल्या मसुद्यात आला नसता.

अर्धविराम:

सगळा धागा दोनदा वाचला. लिहू की नको असं करत होते.

माझ्याकडे सात आठवडे आहेत. नोकरी आहे, मूल लहान आहे. रात्री साडेनऊ ते अकरा एवढाच वेळ माझा. चौदा मुलाखती झाल्या, नऊ उतरवल्या. विषय ‘प्रथम पिढीतील विद्यार्थिनींवर उच्च शिक्षणाचा परिणाम’. लिखाण शून्य. गाईडना दोन महिन्यांपूर्वी मेल केली, उत्तर नाही. आता पुन्हा लिहायचीही लाज वाटते. सोडून द्यावं का?

कागदवेडी:

अर्धविराम, चौदा मुलाखती झाल्या म्हणजे सगळ्यात अवघड काम तुम्ही करून बसल्या आहात. चौदा अनोळखी मुलींनी तुमच्याशी मनातलं बोलावं हे सोपं नाही. सोडू नका.

आधी मेलचं बघू. गाईडना काय लिहिलं होतं?

अर्धविराम:

‘काम सुरू आहे, थोडी अडचण आहे, मार्गदर्शन करावे.’

कागदवेडी:

याला उत्तर देणं अवघड आहे हो, कारण नेमकं काय विचारलंय तेच कळत नाही. माझ्याही पहिल्या मेल अशाच असायच्या. मग मी दोन पानं जोडून ‘तिसऱ्या परिच्छेदातला दावा या तीन उताऱ्यांवर उभा राहतो का? शुक्रवारी दुपारी दहा मिनिटं भेटू का?’ असं विचारायला लागले. हो किंवा नाही एवढं म्हणता येईल असा प्रश्न आणि भेटीची वेळ, एवढं पुरतं. तरीही उत्तर नाही आलं तर विभागात जाऊन भेटा. दोन महिने गप्प राहणं ही त्यांची चूक आहे, त्याची लाज तुम्ही बाळगू नका.

आता सात आठवडे. पहिला आठवडा फक्त ऐका, उतरवू नका. राहिलेल्या पाच मुलाखती ऐकताना जिथे कान टवकारतील तिथली वेळ आणि एक ओळ टिपून ठेवा, आणि तेवढेच भाग शब्दशः उतरवा. तसं केल्याचं पद्धतीच्या प्रकरणात लिहायचं, लपवायचं नाही. आठवड्याच्या शेवटी प्रश्न एका वाक्यात. मग तीन आठवडे निष्कर्ष. रोज दीड तासात एक उतारा आणि त्याखाली तुमचं दीड पान: ती काय म्हणाली, मी त्यातून काय समजते, कोणत्या दुसऱ्या मुलीचं बोलणं याच्याशी जुळत नाही. एवढं साधलं तर पंचवीस-तीस पानं होतात. पाचवा आठवडा पद्धती, सहावा आढावा, सातवा प्रस्तावना आणि संदर्भसूची. सूचीला दोन रात्री राखून ठेवा, ती नेहमी वाटतं त्याहून जास्त वेळ खाते.

पायरी_पायरीने:

आणि फाइल रोज दोन ठिकाणी साठवा, नावात तारीख घाला. माझ्या मित्राचं एक अख्खं प्रकरण जमा करायच्या आदल्या आठवड्यात गेलं.

जुनी_वही:

अर्धविराम, व्हायवात एक प्रश्न जवळपास नक्की येतो: ‘तुमच्या अभ्यासातून काय कळत नाही?’ लिहिताना त्यासाठी एक वेगळं पान उघडून ठेवा. चौदा मुली शिक्षणात टिकलेल्या आहेत, सोडून गेलेल्यांचा आवाज त्यात नाही, अशा नोंदी त्यात करत चला. पुढे तेच मर्यादांचं प्रकरण होतं.

अर्धविराम:

आठ दिवसांनी लिहिते आहे. पाचही ऐकल्या. एक गोष्ट सारखी येते आहे. बऱ्याच मुली घरी परत गेल्यावर कॉलेजमधलं काहीच सांगत नाहीत. एक म्हणाली, “घरी गेले की मी पुस्तकातलं बोलत नाही, नाहीतर आई गप्प होते.” हे ऐकून मी रेकॉर्डर बंद केला, पुढे ऐकवेना. माझी आईही अशीच गप्प व्हायची.

वाक्य केलंय: ‘उच्च शिक्षणाचा प्रथम पिढीतील विद्यार्थिनींच्या घरातील संवादावर होणारा परिणाम’. जमलंय का?

कागदवेडी:

त्या मुलीचं वाक्य वाचून मीही थोडा वेळ थांबले.

प्रश्न खूप जवळ आलाय. ‘परिणाम’ तेवढा काढा. परिणाम म्हटलं की मोजमाप आलं, आधीचं आणि नंतरचं आलं, आणि तुमच्याकडे मुलाखती आहेत. मुली घरी काय सांगतात, काय गाळतात आणि कुणासाठी गाळतात, हे तुमच्याकडे भरभरून आहे. आणि ‘आई गप्प होते’ कुठेतरी ठळक ठेवा.

जुनी_वही:

आणि तुमची आई गप्प व्हायची, तेही पद्धतीच्या प्रकरणात लिहा. संशोधक कुठे उभी आहे हे वाचणाऱ्याला कळायला हवं. एक परिच्छेद पुरे, पण टाळू नका.

अर्धविराम:

‘प्रथम पिढीतील विद्यार्थिनी शिक्षणातलं काय घरी नेतात, काय दाराबाहेर ठेवतात आणि कुणासाठी?’

गाईडना हेच वाक्य, दोन उतारे आणि भेटीची वेळ अशी मेल केली. दुपारी उत्तर आलं, बुधवारी बोलावलंय. साडेनऊ वाजलेत, बाळ झोपलंय. पहिला उतारा उघडते आहे.